परड्यातली पत्रं: मृगाआधीचा हप्ता

दोन अंकांपूर्वी आमच्या भरडावरच्या (उतारावरच्या माळजमिनीच्या) समतल चरांबद्दल, म्हणजे पाणी अडवायला एका पातळीत खणलेल्या चरांबद्दल, चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं आली की ती ठेवायला आमसुलांची एक बरणी रिकामी करावी लागली. सात जूनला मृग लागतं. त्यानंतर मला लिहायला सवड मिळायची नाही, म्हणून जेवढ्यांना जमतंय तेवढ्यांना आत्ताच उत्तर देते.

मी 26 वर्षांचा आहे, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. दोन महिने बिनपगारी रजा घेऊन एखाद्या पर्माकल्चर (निसर्गाला धरून केलेल्या टिकाऊ शेतीच्या) शेतावर राहून शिकायचं ठरवलंय. तिथे दिवसभर नेमकं काय काम असतं? काही ठिकाणी शिकण्याचे पैसे मागतात, ते द्यावेत का?
*– एक वाचक, हिंजवडी*

तुला तू म्हणते, माझा मुलगा तुझ्याहून मोठा आहे.

परवाचा मंगळवार सांगते, म्हणजे अंदाज येईल. पावणेसहाला कोंबड्यांचं खुराडं उघडलं. मग गोठा. आमच्याकडे दोन गावठी गाई आहेत. रात्री त्यांच्या पायाखाली पातेरा अंथरतो, म्हणजे आंबा-काजूची वाळकी पानं. ही पानं चिवट असतात, नुसती ढिगात टाकली तर वर्षभर तशीच राहतात. रात्रभर गाईंनी तुडवली, त्यावर मुतल्या, शेण पडलं, की सकाळी तोच पातेरा खताला निम्मा तयार होऊन हातात येतो. तो घमेल्याने उचलून ढिगाकडे न्यायचा. मंगळवारी सहा घमेली निघाली.

मग ढीग बघायचा. गेल्या वर्षी तुझ्याच वयाचा एक मुलगा मुंबईहून आला होता. त्याने विचारलं, "काकी, थर्मामीटर कुठे ठेवलाय?" मी त्याच्या हातात पहार दिली. पहार ढिगाच्या पोटात आडवी खुपसायची, दहा मिनिटं कोंबड्यांना दाणे टाकून यायचं, आणि मग ती उपसून आतलं टोक मुठीत धरायचं. धरवत नसेल तर ढीग तापलाय, साठ अंशांच्या आसपास आहे, त्याला हात लावू नकोस. कोमट लागली तर ढीग उलटायची वेळ झाली. गार आणि कोरडी निघाली तर पाणी कमी पडलंय. टोकाला नाक लावून बघ: अमोनियाचा झणका आला तर हिरवं जास्त झालं, कुजका वास आला तर आत हवा नाही. त्या मुलाने पहिल्या दिवशी हातमोजा घालून पहार धरली आणि "ठीक आहे" म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने मोजा काढला.

आमचा ढीग असा लावतो: तीन घमेली पातेरा, एक घमेलं गिरिपुष्पाचा पाला, एक घमेलं शेण, वर पाण्याचा शिडकावा, आणि परत पहिल्यापासून. निदान कमरेएवढा उंच आणि तितकाच रुंद हवा. त्याहून लहान ढिगाला ऊब धरता येत नाही. मूठभर माल पिळला तर एक-दोन थेंब यावेत, धार लागू नये. पुस्तकात कर्ब आणि नत्राचं प्रमाण पंचवीस-तीसास एक असं लिहिलेलं असतं. घमेल्यांचं हे गणित साधारण तिथेच जातं.

सात ते अकरा रातांबे, म्हणजे कोकमाची फळं. मे महिन्यात कोकणातल्या घरात दुसरं काही बोलू नये. झाडाखाली पडलेले वेचायचे, फोडायचे, साल वेगळी, गर वेगळा. सालं उन्हात. गराला मीठ लावून रस सुटला की त्यात सालं बुडवायची आणि परत उन्हात. अशी चार-पाच पुटं दिली की आमसूल काळं होतं. मंगळवारी तिसऱ्या पुटाची सालं खळ्यात होती आणि साडेदहाला आभाळ भरून आलं. पाऊस आला नाही, पण सगळं आत नेऊन परत बाहेर काढण्यात सकाळ गेली. "शेतावर शिकायला" येणाऱ्यांना हे काम शेतीतलं वाटत नाही, आणि वर्षाचं निम्मं उत्पन्न यातच असतं.

अकरा ते चार ऊन. जेवण, झोप, खुरप्या-कोयत्यांना धार. चारनंतर गिरिपुष्पाचे दांडके तोडले. (तुमच्याकडे याला उंदीरमारी म्हणतात.) मनगटाएवढे जाड, पाच फूट लांब, खालचं टोक तिरकं छाटलेलं. सावलीत उभे करून ठेवलेत. पहिला पाऊस जमिनीत मुरला की कुंपणाच्या कडेने रोवायचे. पुढच्या वर्षी तेच कुंपण, तोच हिरवा पाला, आणि मुळांवाटे जमिनीला नत्र. दिवेलागणीला वहीत चार ओळी: वारा कुठून, अंडी किती, कोणत्या ढिगात पहार किती तापली.

आता तुझा खरा प्रश्न. दोन महिन्यांत सगळं शिकायला जाऊ नकोस. जिथे जाशील तिथे पहिल्याच दिवशी सांग, की एक ढीग माझा. रचण्यापासून चाळण्यापर्यंत. साठ दिवसांत तो जेमतेम पुरा होईल, पण तेवढ्यात पाणी, हवा, पाला, किडे, वेळ, सगळं तुझ्या हातून एकदा जाईल. आणि जाणार असशील तर जून-जुलैत जा. डिसेंबरात सगळे येतात, तेव्हा हवा छान असते आणि जमीन काही सांगत नाही.

पैशांचं म्हणशील, तर जेवणाखाण्याचे जरूर दे. काम करतोस म्हणून फुकट जेवायचं हे गणित पहिल्या महिन्यात बसत नाही. नवख्या माणसाचं काम निस्तरायला दुसरा माणूस लागतो. त्यावर शिकवण्याची फी मागत असतील तर विचार, शिकवणार कोण आणि दिवसाचे किती तास. 72 तासांचा पर्माकल्चर डिझाइनचा अभ्यासक्रम जगभर चालतो. तो नीट शिकवणारे आहेत, त्याचे पैसे देण्यात काही गैर नाही. पण आठ तास खुरपणी आणि संध्याकाळी गिटार याला मी फी दिली नसती.

आमची सांगोल्याजवळ चार एकर आहे, पैकी दीड एकर डाळिंब. तुम्ही समतल चरांबद्दल लिहिलंत. समपातळी काढायला यंत्र लागतं ना? ते भाड्याने आणायचं तर परवडत नाही. आणि चर मारल्याने आमच्याकडे फायदा होईल का?
*– एक शेतकरी भगिनी, सोलापूर जिल्हा*

ताई, तुमच्याकडे होईल. माझ्याकडे पहिल्या वर्षी तोटा झाला. दोन्ही सांगते.

आधी यंत्र. दोन सरळ बांबू घ्या, सात-सात फुटांचे. वरची टोकं एकत्र घट्ट बांधा आणि खालचे पाय सहा फूट फाकवा. मधल्या उंचीवर एक आडवी काठी बांधा. झाला घोडा. वरच्या जोडापासून एक दोरा खाली सोडा आणि त्याला अंड्याएवढा दगड बांधा. दगड आडव्या काठीच्या खाली लोंबला पाहिजे, दोरा काठीला जेमतेम घासला पाहिजे. मी पहिला घोडा सुंभाने बांधला, तो दुपारपर्यंत ढिला होऊन पाय फाकले आणि सगळ्या खुणा चुकल्या. आता बांबूला भोक पाडून नट-बोल्ट घालते.

घोडा खरा करायची युक्ती अशी. जमिनीवर दोन खुंट्या ठोका आणि घोड्याचे पाय त्यांना टेकवा. दोरा आडव्या काठीला जिथे लागतो तिथे कोळशाने रेघ मारा. मग घोडा फिरवा, म्हणजे डावा पाय उजव्या खुंटीशी आणि उजवा डाव्या. दुसरी रेघ मारा. दोन रेघांच्या बरोब्बर मधे तिसरी, ती ठळक. दोरा त्या मधल्या रेघेवर थांबला, की दोन्ही पाय एका पातळीवर. जमीन वाकडी असो, बांबू वाकडा असो, फरक पडत नाही.

आता शेताच्या वरच्या अंगापासून सुरुवात. एक पाय ठेवा, दुसरा पुढेमागे हलवत दोरा मधल्या रेघेवर आणा, तिथे खुंटी. मग तो पाय तिथेच ठेवून मागचा पुढे घ्या. सकाळी लवकर करा. नऊनंतर वारा सुटला की दगड झोके घेत बसतो आणि आपण त्याच्या तोंडाकडे बघत बसतो. खुंट्यांची ओळ नागमोडी दिसेल. एखादी खुंटी फारच बाहेर गेली असेल तर नजरेने थोडी आत घ्या, तेवढं चालतं. गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळीही याच कामाला येते, पण तिला दोन माणसं लागतात आणि ती दोन माणसं भांडतात. आमच्याकडे नवरा-बायको होतो.

चराचा हिशेब: दहा मीटर लांब, साठ सेंटिमीटर रुंद, तीस सेंटिमीटर खोल चरात 1800 लिटर पाणी मावतं. एका गुंठ्यावर वीस मिलिमीटर पाऊस पडला तर दोन हजार लिटर. तुमच्याकडे वर्षाला पाचशेच्या आसपास मिलिमीटर पडतो, तोही चार-पाच झडींत, आणि माती धुऊन घेऊन जातो. तुम्हाला प्रत्येक थेंब अडवायचाच आहे. माती चराच्या खालच्या अंगाला टाका, त्या वरंब्यावर आधी ताग किंवा तूर, मग शेवगा, गिरिपुष्प लावा. डाळिंबाच्या बुंध्याशी मात्र पाणी साचू देऊ नका. झाड चरापासून लांब बरं.

आता माझी फजिती. आमच्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. हा आकडा मला पाठ होता. पण तो अंगावर घेतला नव्हता. डोंबिवलीहून येऊन पाच महिने झाले होते. मे महिन्यात हौसेने भरडावर तीन चर मारले. वर दीड हात माती, खाली जांभा. सांडवा (जादा पाणी जायची वाट) एकालाही ठेवला नाही, कारण "पाणी अडवा" एवढंच डोक्यात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री असा कोसळला की वरचा चर फुटला, त्याने मधला फोडला, दोघांनी मिळून खालचा, आणि सगळा तांबडा चिखल शेजारच्या आजोबांच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, गेला. लावणी होऊन चार दिवस झाले होते. मेर (खाचराचा बांध) वाहून गेली, लावलेल्या भाताची निम्मी रोपं गाडली गेली.

सकाळी आजोबा छत्री घेऊन आमच्या बेड्याशी (कुंपणाच्या फाटकाशी) उभे. ओरडतील म्हणून मी तयारीत. त्यांनी भरडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पावस बघलंस काय गो आधी?"

बघितला नव्हता. मेर मी, आजोबांनी, त्यांच्या सुनेने आणि माझ्या नवऱ्याने मिळून तीन दिवसांत घातली. उरलेला पावसाळा मी दर जोराच्या सरीला छत्री घेऊन भरडावर फिरले. पाणी कुठे उगवतं, कुठे पायवाटेवरून धावतं, कुठे जांभ्याच्या फटीत गडप होऊन खाली बांधाशी परत बाहेर येतं, ते वहीत काढलं. गुरांच्या वाटेवरून येणारं पाणी सगळ्यांत जास्त होतं, आणि माझा वरचा चर नेमका त्या वाटेच्या तोंडाशी होता. पुढच्या वर्षी दोनच चर मारले, उथळ, प्रत्येकाला चिऱ्यांचे तुकडे बसवलेला सांडवा, आणि सांडव्याचं पाणी थेट व्हाळात (ओढ्यात). खड्या उतारावर चर मारलेच नाहीत. भिजलेली जड माती तिथे सरकते.

तुम्हीही सांडवा ठेवाच. सांगोल्यातही दहा वर्षांत एकदा तशी रात्र येते.

पर्माकल्चर, पर्माकल्चर म्हणून जे चाललंय ते आमचे आजोबा करतच होते. विदेशी नाव दिलं की शहरी लोक पैसे मोजतात. यात नवीन काय आहे?
*– निवृत्त मुख्याध्यापक, चिपळूण*

सर, निम्मं बरोबर. नाव टास्मानियातलं. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी 1970च्या दशकात दिलेलं, 'पर्मनंट' आणि 'ॲग्रिकल्चर' जोडून. त्यांनी घराभोवतीची जमीन पट्ट्यांत वाटली: जिथे रोज दहादा जाणं होतं तिथे भाजी आणि कोंबड्या, जिथे वर्षातून दोनदा जातो तिथे लाकूडफाटा आणि रान. हे वाचलं तेव्हा मला माझ्या आजीचं परडं आठवलं. न्हाणीचं पाणी अळवाला, अळवाच्या पुढे केळ, केळीच्या पुढे माड, माडावर मिरी. राख आणि खरकटं त्याच आळ्यात. तिने कुठल्या पट्ट्याचं नाव घेतलं नव्हतं, पण कढीपत्ता दारात होता आणि फणस गडग्याशी.

आपल्याच कणकवलीला गोपुरी आश्रमात अप्पा पटवर्धनांनी मैल्याचं सोनखत करून दाखवलं. आज 'कंपोस्ट टॉयलेट' म्हणून जे फोटो फिरतात ते बघून आमच्या गावातली म्हातारी माणसं हसतात. कोल्हापूरकडे श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवार उभा केला, गणिताचा माणूस, शेतकऱ्यांना पान आणि मूळ मोजायला शिकवणारा. हे सगळं आपलंच.

पण उरलेलं निम्मं. आजोबा भाजावळही करत. झाडांची कवळं (पाल्याच्या फांद्या) तोडायची, पातेरा पसरायचा, वर शेण, आणि तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांच्या वाफ्याची, जमीन भाजून काढायची. मी ते बंद केलं, त्या पाल्याचा ढीग घालते. पहिल्या वर्षी शेजाऱ्यांचा तरवा माझ्यापेक्षा सरस होता, हे कबूल करते, कारण भाजल्याने तणाचं बी मरतं आणि माझ्या वाफ्यात तण माजलं. तिसऱ्या वर्षी बरोबरी झाली. आजोबांच्या काळी कवळ तोडायला डोंगर मोकळा होता, माणसं घरात दहा होती. आता डोंगरावर काजूची कलमं आणि घरात आम्ही दोघं. त्यामुळे "आजोबांसारखं" करता येतच नाही, काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते बसून ठरवावं लागतं. त्या ठरवण्याला कुणी इंग्रजी नाव दिलं तर माझी हरकत नाही. पैसे मोजण्याबद्दल वर हिंजवडीच्या मुलाला लिहिलंय ते वाचा.

यावर घर चालतं का? खरं सांगा.
*– दोघी मैत्रिणी, नाशिक*

नाही. माझं बँकेचं पेन्शन आहे. बाजारातून मीठ, गूळ, तेल, चहा, डाळ आणतो. भाजी, अंडी, दूध, नारळ, तांदूळ घरचे. तांदूळ मात्र फेब्रुवारीत संपतो. गेल्या वर्षी विकलं ते असं: आमसूल 40 किलो, आगळाच्या (कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या) 90 बाटल्या, मिरी 11 किलो, थोडी हळद. मजुरी आणि बाटल्या वजा जाता जे उरलं त्यात विहिरीचा पंप दुरुस्त झाला. नोकरी सोडायच्या आधी दोन वर्षांचा खर्च बाजूला ठेवा. आणि दोघी एकत्र जमीन घेणार असाल तर पाण्याची वाटणी कागदावर लिहा, मैत्रीत.

वानरांचं काय करता?
*– एक त्रस्त, संगमेश्वर*

काही नाही. कुत्रा, फटाके, बुजगावणं, वाघाचं चित्र, सगळं झालं. पपई आणि केळी घरापासून पंधरा पावलांत ठेवली, तिथे निदान ओरडता येतं. हळदीला आणि मिरीला अजून कुणी हात लावलेला नाही, म्हणून लांबच्या तुकड्यात आता तेच. बाकी तुम्हाला उपाय सापडला तर मला कळवा, मी पुढच्या अंकात तुमच्या नावाने छापीन.

माझ्याकडे फक्त गॅलरी आहे, सहा कुंड्या. तुमचं सदर माझ्यासाठी आहे का?
*– एक आजी, मुलुंड*

आहे तर. ऊन किती तास येतं ते आधी आठवडाभर बघा, दर तासाला खडूने सावलीची कड मारून. तीन तासांपेक्षा कमी असेल तर टोमॅटोचा हट्ट सोडा आणि अळू, पुदिना, ओवा लावा. आजीबाई, खडू पुसला गेला म्हणून सुनेवर रागावू नका.

गांडुळं विकत घ्यावीत का? किलोचा भाव ऐकून छाती दडपली.
*– एक वाचक, वेंगुर्ला*

तुमच्या हवेत तर मुळीच नकोत. झाडाखाली सावलीत, उघड्या मातीवर चार बोटं जुनं शेण पसरा, थोडा कुजका पाला, वर ओलं गोणपाट. आठवडाभर ओलावा मोडू देऊ नका. पहिल्या पावसानंतर गोणपाट उचलून बघा, आलेली असतील. उचलताना काठीने उचला. माझ्याकडे पहिल्या खेपेला गांडुळांबरोबर इंगळीही आली होती.